किशनराव तांगडे यांची तसदीक

किशनराव तांगडे पहिल्या घासानंतर दुसरा घास लगेच घेत नाहीत. ते डोळे मिटतात, मान किंचित डावीकडे कलते, आणि थांबतात. किती वेळ थांबतील हे पदार्थावर अवलंबून असतं. गारखेड्यातल्या एका लग्नात त्यांनी बुफेच्या रांगेत उभ्या उभ्या अननसाचा शिरा तोंडात टाकला आणि तिथेच डोळे मिटले. मागची रांग मंडपाबाहेर गेली. यांना चक्कर आली असं समजून नवरदेवाचा मामा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. तो पोहोचला तेव्हा किशनरावांनी डोळे उघडले आणि जाहीर केलं, "सत्यनारायणाचा प्रसाद. केळं घालायचं राहून गेलेला. तसदीक झाली."

मग रांग हलली.

तसदीक हा शब्द त्यांच्या वडिलांचा. वडील निजामाच्या महसूल खात्यात गिरदावर, म्हणजे गावोगाव फिरून जमिनींच्या नोंदी तपासणारे अधिकारी, होते. पोलीस ॲक्शननंतर सरकार बदललं, दप्तराची भाषा बदलली, गिरदावर तेच राहिले. कचेरीत ते मराठीत लिहीत आणि घरी येऊन उर्दूत रागवत. त्यांच्या पश्चात थोरल्या मुलाला चांगली जमीन मिळाली. धाकट्या किशनरावांना मुरमाड जमीन, एक लोखंडी पेटी आणि तीन शब्द मिळाले. एखाद्या गोष्टीची खातरजमा झाली की 'तसदीक झाली'. खातरजमा व्हायची असली की 'मामला जेरे-तजवीज हाय', म्हणजे विचाराधीन आहे. आणि तिसरा शब्द 'नामंजूर'. वडील हे शब्द शेतांच्या हद्दींसाठी वापरत. किशनराव ते खाण्याच्या पदार्थांसाठी वापरतात.

पद्धत अशी आहे. नवा पदार्थ खाल्ला की त्याला आपल्याकडची जोड सापडली पाहिजे. 'छान आहे', 'वेगळंच आहे' ही उत्तरं ते स्वीकारत नाहीत. "वेगळं म्हंजी काय? कशापासून वेगळं?" असं विचारतात. जोड नेमकी लागते. पिझ्झा त्यांनी 'शिळ्या भाकरीवर लोणी-ठेचा, फक्त भाकरी मैद्याची' या नोंदीखाली मंजूर केला आहे. चॉकलेटचा मोदक नामंजूर आहे, कारण तो मोदक असल्याचा खोटा दावा करतो.

दुसरा नियम असा की पदार्थाचं नाव किंवा त्यात काय घातलं आहे ते त्यांना आधी सांगायचं नाही. "नाव कळलं की जीभ आळशी होती," असं ते म्हणतात. हॉटेलात मेनूकार्ड आलं की ते पालथं ठेवतात.

हे सगळं फक्त बाहेरच्या खाण्याला लागू आहे. घरच्या ताटाला तपासणी नाही. घरी ते डोळे उघडे ठेवून जेवतात आणि प्रत्येक वेळी एकच शब्द बोलतात, "झकास."

गल्लीतल्या जुन्या लोकांच्या मते ही सवय फार जुनी नाही. पूर्वी किशनराव पुढ्यात येईल ते खात आणि उठत. त्या घरात चवीचा अधिकार इंदूवहिनींकडे, म्हणजे त्यांच्या पत्नीकडे होता. गल्लीत कुणाकडे मसाला कुटला, पुरण वाटलं की वाटी आधी वहिनींकडे जायची. वहिनी चाखत नसत. नुसत्या वास घेत आणि सांगत, "धने कमी भाजले," किंवा "गूळ जुना हाय." लग्नघरी आचाऱ्याला त्या आल्या म्हटलं की घाम फुटे. अलीकडे त्या कुठे जात नाहीत. गुडघे दुखतात असं सांगतात. वाट्याही हळूहळू यायच्या थांबल्या. त्याच सुमारास किशनरावांची तसदीक सुरू झाली, एवढं गल्लीच्या लक्षात आहे. या दोन गोष्टी कुणी एकत्र ठेवल्या नव्हत्या. मीही नाही.

पैठण रस्त्यावर चितेगावला किशनरावांचा छोटा कारखाना आहे. तिथे औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं तयार होतात. त्यासाठी नवं मशीन घ्यायचं होतं. शहरातल्या लघुउद्योजकांचा एक गट चीनमधल्या ग्वांगझूला, म्हणजे जुन्या कँटनला, यंत्रांच्या प्रदर्शनासाठी निघाला, त्यात ते गेले. आमच्या दैनिकाने बातमीसाठी मला पाठवलं. यंत्रं, निर्यात, बाजारपेठ यांवर मजकूर अपेक्षित होता. तो मी रोज पाठवला आणि तो छापून आला. पुढे लिहितोय ते त्यात नव्हतं.

गटाचे प्रमुख जोशीसाहेब होते. ते व्यवसायाने सी.ए., आणि किशनरावांसकट निम्म्या गटाचे हिशोब तेच बघत. स्वभाव शिस्तीचा. प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र आणि हातात दिवसाचा कार्यक्रम त्यांनीच दिला होता. दुभाषी म्हणून लाम नावाची एक तरुण मुलगी होती. ती सावकाश, स्वच्छ इंग्रजी बोलायची. किशनराव तिच्याशी मराठीत बोलत. तिला ते 'लामताई' म्हणत. दोघांना एकमेकांचं सगळं कळतं असा दोघांचाही समज होता आणि तो मोडेल असं काही घडलं नाही.

किशनराव शाकाहारी. त्यामुळे पहिल्याच सकाळी त्यांनी लामला एक शब्द शिकवला. पदार्थाकडे बोट करून ते विचारत, "ताई, जीव हाय का यात?" लाम दुकानदाराला विचारायची आणि गंभीरपणे सांगायची, "जीव नाय." तिच्या तोंडून तो शब्द इतका ठाम यायचा की जोशीसाहेबही तिलाच विचारू लागले.

प्रदर्शनाच्या सभागृहात किशनराव शांत होते. गाडी जुन्या गल्ल्यांकडे वळली की जागे होत. त्या गल्ल्यांत वर घर, खाली दुकान आणि मध्ये रस्त्याकडेने चालायला छत अशी रचना आहे. "आपल्या गुलमंडीच्या बाजाराला असं छत पाहिजे होतं," ते म्हणाले. स्थापत्यावर त्यांनी केलेलं हे एकमेव भाष्य.

बाकीचं भाष्य खाण्यावर होतं. एका दुकानात पत्र्याच्या खणांतून तांदळाच्या पिठाचं पातळ पांढरं पटल वाफवून काढत होते. मालक खण ओढायचा, पटल खरवडून गुंडाळायचा आणि वर काळसर खारं पाणी ओतायचा. जोशीसाहेबांनी फोटो काढला. किशनरावांनी घास घेतला. डोळे मिटले. मालक हातातला खण तसाच धरून बघत राहिला.

"कुरडयांचा चीक," किशनराव म्हणाले. "गव्हाचा नाय, तांदळाचा. कढईतून काढून ताटलीत थापला आन् जरा गार होऊ दिला. तसदीक झाली."

"किशनराव, तुम्ही चीनला आलात की चितेगावला?" जोशीसाहेबांनी विचारलं.

"साहेब, घरी आता कुरडयाच चालल्या असतील. तुम्ही फोटो काढा."

उसाच्या साखरेचा एक पांढरा, जाळीदार, किंचित आंबूस केक आला. जोशीसाहेब म्हणाले, ही गोड इडली. किशनरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. बराच वेळ गेला. "अनारशाचं पीठ," ते म्हणाले. "तांदूळ भिजत घातले आन् तिसऱ्या दिवशी पाणी बदलायला विसरले, त्याचा वास. तळायच्या आधीच खाल्लं, एवढीच यांची चूक." साखरेच्या पाकाचे केसांसारखे बारीक धागे ओढून त्यात दाणे-तीळ गुंडाळलेली एक मिठाई होती. तिचा निकाल झटकन लागला. "बुढ्ढीच्या बालात तिळगूळ लपवलाय." गरम दूध आल्याच्या रसावर ओतलं की ते डोळ्यांदेखत घट्ट होतं, असा एक प्रकार होता. तो 'आलं घातलेला खरवस' म्हणून मंजूर झाला. गल्लीच्या तोंडावर लहान पेल्यातून मिळणारा कडू काढा ते एका दमात प्याले आणि म्हणाले, "चिराईत. आईनं नाक दाबून पाजलेलं. नाक दाबायला इथं कुणी नाय, तेवढा फरक."

एकदाच अडचण आली. एका टपरीवर काळीभोर, थरथरणारी जेली होती. किशनरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला. लामने टपरीवाल्याशी बरीच चर्चा केली आणि अंगठा-तर्जनीत चिमूटभर अंतर दाखवत सांगितलं, "जीव... थोडा."

"थोडा जीव म्हंजी काय?"

तिने दोन्ही तळहातांची पाठ केली, मान बाहेर काढली आणि आत घेतली. कासव. जेली कासवाच्या पाठीपासून करतात.

किशनरावांनी वाटी दोन्ही हातांनी उचलून टपरीवर परत ठेवली. "देवळात ज्याला हात लावून आत जातो, त्याला चमच्यानं कसं खायचं? नामंजूर." मग त्यांनी वाटीला बोट लावून ते कपाळाला लावलं. टपरीवाल्यानेही मान लववली. जोशीसाहेबांना लामने ही जेली त्वचेसाठी चांगली असते असं सांगितलं होतं. त्यांनी ती पलीकडच्या गल्लीत जाऊन खाल्ली.

आम्ही एकाच गल्लीतले म्हणून हॉटेलात मला आणि किशनरावांना एक खोली दिली होती. रोज संध्याकाळी ते हात-पाय धुऊन घरी फोन लावत आणि दार लोटून बाहेरच्या बोळात उभे राहत. दार पूर्ण लागत नसे. कानावर तुकडे पडत. "...नाय, तुझ्या आत्याकडचा नाय, आपल्या घरचा... व्हय, खरवड लागलेला..." आणि मग बराच वेळ ते गप्प. मग, "आला का?" मग समाधानाचा एक हुंकार. मी हे जोशीसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "हे गृहस्थ इथे चीन खातात आणि फोनवर मराठवाडा पोहोचवतात." आम्ही हसलो. 'आला का' म्हणजे माल, असा माझा अंदाज होता. कारखानदार माणूस घरी फोन करून दुसरं काय विचारणार?

अडलं ते शेवटून दुसऱ्या दिवशी.

जुन्या गल्लीत गोड सुपांचं एक लहान दुकान होतं. तिकडे जेवणानंतर गोड म्हणून असं गरम, पातळ, वाटीतलं काहीतरी पितात. दुकान एक वयस्क बाई चालवत होत्या. बसायला बुटकी स्टुलं. बाईंनी आमच्यापुढे लालसर, दाट सूप ठेवलं. वाफेबरोबर एक वास वर आला.

"जीव नाय," लाम न विचारताच म्हणाली.

किशनरावांनी चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. मान कलली. आमच्या वाट्या संपल्या. त्यांची तशीच.

"पुरण," ते शेवटी म्हणाले. "लाल चवळीसारख्या दाण्याचं, पातळ केलेलं. ते सोपं हाय. पण वरचा वास कशाचा?"

लाम उत्साहाने सांगायला लागली. किशनरावांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "ताई, नाव नाय! नाव नाय सांगायचं!" लाम घाबरून माझ्याकडे वळली आणि हळूच इंग्रजीत मला सांगितलं. संत्र्याच्या जातीच्या एका फळाची साल. वाळवून वर्षानुवर्षं ठेवतात. जितकी जुनी तितकी मोलाची. मी मान हलवली आणि गप्प बसलो.

"ओळखीचा हाय," किशनराव म्हणाले. पुन्हा वास घेतला. "लई ओळखीचा. घरातलाच हाय."

"मसाल्याचा?" जोशीसाहेबांनी घड्याळ बघत विचारलं.

"मसाल्याचा नाय."

"औषधाचा?"

"कडू हाय, पण औषधाचा कडू नाय. साहेब, घरातला हाय, पण कुठल्या खोलीतला ते ध्यानात येईना."

जोशीसाहेबांनी सगळ्यांना उठवलं. किशनराव गाडीत शेवटी चढले आणि जागेवर बसून म्हणाले, "मामला जेरे-तजवीज हाय."

त्या संध्याकाळी त्यांनी फोन केला नाही. घरून आला तेव्हा उचलला आणि इतकंच बोलले, "आज काय नाय. उद्या सांगतो." मग खिडकीपाशी उभे राहिले. खाली रस्त्यावर गाड्यांची रांग होती. ते म्हणाले, "पत्रकार, असं कवा झालं नव्हतं."

"एक वासच तर आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते नाराज झाले नाहीत. ज्याला काही माहीत नाही अशा माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

शेवटच्या दिवशी शहराबाहेरच्या कारखान्यात त्यांचं मशीन बघायला जायचं ठरलं होतं. ही भेट खास त्यांच्यासाठी होती. जोशीसाहेबांनी त्यासाठी बरेच दिवस पत्रव्यवहार केला होता. सकाळी सगळे खाली जमले. किशनराव आले आणि म्हणाले, "साहेब, मशीन तुम्हीच बघा. मला गल्लीत काम हाय."

"कसलं काम?"

"तेच."

जोशीसाहेबांनी आधी चष्मा काढला, मग आवाज चढवला. "अहो, तुमचं मशीन आहे! तुम्ही त्यासाठी चीनला आलात! एका वाटी सुपासाठी मशीन न बघता घेणार?"

"झाकण पाडायचं मशीन झाकणच पाडतं, साहेब. त्यात दुसरं काय निघणार? तुम्ही बघा, चाललं तर सही करतो. हे मात्र मी घरी जायच्या आधी सापडलं पाहिजे. घरी गेल्यावर इथला वास कुठून आणू?"

जोशीसाहेब गाडीत बसले. मशीनपेक्षा ही बातमी बरी म्हणून मी किशनरावांबरोबर राहिलो. लामला दोन्हीकडे जाता येत नव्हतं. तिने कारखान्यातल्या लोकांना फोन करून दुसरा दुभाषी ठरवला आणि आमच्याबरोबर आली. तिची उत्सुकता आता माझ्याहून जास्त होती.

दुकानदार बाईंनी किशनरावांना ओळखलं. त्यांनी पहिली वाटी संपवली, दुसरी मागितली. प्रत्येक चमच्याला डोळे मिटत होते. बाईंना वाटलं सूप बिघडलं आहे. त्यांनी तिसऱ्या वाटीत साखर वाढवली. किशनरावांनी मान हलवली. बाई अस्वस्थ झाल्या, लामशी भराभर बोलल्या, मग आत जाऊन एक काचेची बरणी घेऊन आल्या. आत काळपट, सुकून मुडपलेले तुकडे होते. त्यांनी झाकण उघडून बरणी किशनरावांच्या नाकाखाली धरली.

ते बरणीत बघत नव्हते. डोळे घट्ट मिटलेले होते. वास घेत होते. बाई, लाम आणि मी तिघेही त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ओठ हलले. एकदा वाटलं, निघालं. मग चेहरा पुन्हा कोरा झाला.

"दारापर्यंत येतो," ते म्हणाले, "आन् परत जातो."

बाईंनी बरणी बंद केली आणि काही बोलल्या. लामने सांगितलं, "ती म्हणते, तिच्या दुकानात लोक पोट भरायला येतात. परीक्षा द्यायला आलेला हा पहिलाच."

मी तिला ते किशनरावांना सांगू नको म्हणालो.

विमानतळावर जोशीसाहेबांनी मशीनचे फोटो दाखवले. मशीन हिरव्या रंगाचं होतं. किशनरावांनी सही केली. विमानात त्यांना गोड म्हणून मिळालेल्या केकला त्यांनी हातही लावला नाही. केकचा मामला त्यांनी विचारातही घेतला नाही, तेव्हा राहिलेला मामला किती गंभीर आहे ते मला कळलं.

दोन दिवसांनी प्रदर्शनातला त्यांचा एक फोटो द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं. "या भावजी. सुशीला करायला घेतलाय, खाऊन जा." सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, फोडणी दिलेला आपला मराठवाडी नाश्ता. किशनराव बैठकीत बसले होते. समोर वर्तमानपत्र होतं, वाचत नव्हते.

वहिनींनी आतून आवाज दिला, "भावजी, मोहरी तडतडली का बगा तिकडून ऐकू येतंय का! मला इथं करपल्याचा वास येत नाय, कानावर चालतं सगळं."

त्या हसत म्हणाल्या. किशनराव हसले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते वर्तमानपत्र घडी करत होते.

"साथीत ताप आला होता ना तिला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ताप गेला. नाक काय परत आलं नाय. जिभेला पण काय लागत नाय धड. दवाखाने केले. येईल म्हणाले, नाय आलं. कुणाला सांगू नको म्हणाली. अख्खी गल्ली हिच्या नाकावर स्वयंपाक करायची, पत्रकार."

त्यांनी घडी केलेलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"जे नवं असतं ते मी सांगून काय उपयोग? तिला कसं कळणार? तिला जुनं ठावं हाय. तेवढं हाय तिच्याजवळ, कुठं गेलं नाय. मग जुन्यातलं शोधून द्यायचं. नेमकं दिलं की येतो म्हणती वास. नेमकं नाय दिलं तर नाय येत. अंदाजे चालत नाय तिथं."

वहिनी ताटल्या घेऊन आल्या आणि समोर बसल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पदर खोचला आणि नवऱ्याला विचारलं, "ते राहिलेलं काय होतं? दोन दिवस तोंड पाडून बसलेत. सांगा तरी."

"जोड नाय सापडली."

"जोड मी बघते. तुम्ही नुसता वास सांगा."

किशनरावांनी डोळे मिटले. "खाली पुरण हाय, पातळ. त्याचं काय नाय. वरचा वास. कोरडा. जुना. कडवट."

"उन्हाळ्यातला का थंडीतला?"

"थंडीतला."

"दिवसाचा का पहाटंचा?"

त्यांनी वेळ घेतला. "पहाटंचा. अंधारातला."

"देवघरातला?"

"नाय. देवघराच्या आधीचा."

"चुलीपाशी?"

"इस्तवाजवळचा हाय. पण खायचा नाय."

वहिनी क्षणभर थांबल्या. "बंबाजवळचा?"

किशनरावांनी डोळे उघडले. "बंबाजवळचा," ते म्हणाले. "न्हाणीतला. इंदू, न्हाणीतला हाय तो!"

"उटणं," वहिनी म्हणाल्या. "संत्र्याच्या साली हायत त्या. उटण्यातल्या. दिवाळीला कुटायच्या म्हणून वाळवून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे मी. तुमची आई म्हणायची, नवी साल घालू नको, मागच्या सालची घाल. जुन्या सालीला वास सुटतो."

किशनराव माझ्याकडे वळले. "पत्रकार, तुम्हाला सांगितलं होतं ना लामताईनं? आता सांगा. काय होतं त्यात?"

"संत्र्याची साल," मी म्हणालो. "वाळवून बरीच वर्षं ठेवलेली."

वहिनी खिडकीकडे बघत होत्या. बाहेर भर उन्हाळ्याची सकाळ होती, समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी कुरडया वाळत होत्या. किशनराव पुढे सरकून बसले होते. घरी फोन करताना विचारायचे तोच प्रश्न त्यांनी विचारला, पण फोनवरच्यापेक्षा हळू.

"आला का?"

वहिनींनी डोळे मिटले. मान किंचित डावीकडे कलली. ती लकब कुणाची होती हे मला तेव्हा कळलं.

"आला," त्या म्हणाल्या. "पाडव्याला तुमच्या पाठीला लावताना यायचा. तसाच." मग पदर सारखा करून उठल्या. "तसदीक झाली. खा आता, गार होतंय."

त्या पाणी आणायला आत गेल्या. मी सुशील्याचा घास घेतला. मीठ दोनदा पडलं होतं.

किशनरावांनीही घास घेतला. डोळे मिटले नाहीत, मान कलली नाही. "झकास," ते आतल्या दिशेने मोठ्याने म्हणाले, आणि लगेच दुसरा घास घेतला.